दुपारचे १२ वाजले की हेडसेट तुटतो, काय करू?

घामाघूम_मनीषनगर
मंडळी, डोक्याचा पार भुगा झाला म्हणून इथं विचारून राहिलो. घरून काम करतो, मनीषनगरला. दीड वर्षाआधी बर्डीवरून (नागपूरचा सीताबर्डी बाजार) पार्ट घेऊन डेस्कटॉप जोडून घेतला, विंडोज ११ आहे, ब्लूटूथ मदरबोर्डवरच आहे, वेगळं काही लावलेलं नाही. नेट लॅन केबलनं घेतो त्यामुळे वायफायचा प्रश्नच नाही. दोन महिन्याआधी कानावर बसणारा मोठा ब्लूटूथ हेडसेट घेतला, माइकवाला.

आता दुखणं ऐका. सकाळी ९ ला बसतो तेव्हा एकदम मस्त. ११, साडेअकरापर्यंत काहीच नाही. आणि १२ च्या पुढं आवाज तुटायला लागतो, आधी टर्र टर्र, मग समोरचा बोलतो त्यातला एक शब्द येतो दोन जातात, मग टुंग करून डिस्कनेक्ट. परत जोडला की ५ मिनिटं चालतो आणि परत तेच. संध्याकाळी ६-७ नंतर परत शहाण्यासारखा वागतो. तोच हेडसेट फोनला जोडला तर दिवसभर चालतो, गच्चीवर गेलो तरी चालतो.

दुसरं म्हणजे गाणी ऐकताना आवाज झकास, पण मीटिंग जॉइन केली रे केली की डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा आवाज येतो. हे मात्र सकाळीपण होते.

हेडसेट काढून परत पेअर केला, ड्रायव्हर अपडेट केला, रीस्टार्ट तर दिवसाला दहादा. आमचा साहेब पुण्याचा आहे, काल सगळ्यांसमोर म्हणाला तुमच्याकडे नेट नसतं का दुपारी. आता नवीन हेडसेट घेऊ की काय करू?

तर्री_ज्यादा
मे महिन्यात नागपुरात दुपारी १२ नंतर माणूस डिस्कनेक्ट होते बे, हेडसेटचं काय घेऊन बसला 😂

प्रतापनगरचा_पोट्टा
त्याले पण दुपारची झोप लागत असंल. बर्डीचं पाणी लागलं त्याला.

सीताबर्डी_सोल्डर
हसण्यावारी नेऊ नका, भाऊचे दोन प्रॉब्लेम आहेत आणि दोन्ही वेगवेगळे आहेत, लोक एकत्र कालवतात म्हणून सुटत नाही.

दुसरा आधी सांगतो कारण तो सोपा आहे. डब्यातला आवाज हा बिघाड नाही. ब्लूटूथमध्ये आवाज पाठवायचे दोन रस्ते आहेत. एक गाण्याचा, त्याला एटूडीपी म्हणतात, स्टिरिओ, पण एकेरी. कॉम्प्युटरकडून कानात, बस. उलट माइकचा आवाज त्या रस्त्यानं येत नाही. माइक चालू झाला की कॉम्प्युटर दुसऱ्या रस्त्यावर जातो, त्याला हँड्सफ्री प्रोफाइल म्हणतात. तो मुळात गाडीत फोनवर बोलायसाठी बनवलेला, दुहेरी आहे पण अरुंद. गाणं ४४.१ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने, असं चालू असते आणि मीटिंग लागली की जुन्या पद्धतीत थेट ८ वर, थोडं नवं असलं तर १६ वर. वरून स्टिरिओचं मोनो. म्हणून समोरचा बाई असो की बाप्या, सगळे रेल्वे स्टेशनवरच्या भोंग्यातून बोलल्यासारखे वाटतात. १६ वालं वाइडबँड हँड्सफ्रीच्या १.६ आवृत्तीत २०११ ला आलं. माझ्याकडे रोज दोन गिऱ्हाइकं येतात, "भाऊ हेडफोन खराब निघाला" म्हणून. खराब काही नसते. मीटिंग बंद करून गाणं लावून देतो, खुश होऊन जातात.

पहिल्या प्रॉब्लेमवर विचार करून लिहितो. दुकानात गर्दी आहे.

पुण्यात_अडकलेला_नागपूरकर
वरच्याला +१. उपाय पण सांगून टाकतो. मीटिंगच्या सेटिंगमध्ये स्पीकर म्हणून हेडसेट ठेवा आणि माइक म्हणून दुसरं काहीतरी निवडा, वेबकॅमचा माइक, साधा वायरचा कॉलर माइक, काहीही. हेडसेटचा माइक कोणी मागितलाच नाही तर तो गाण्याच्याच रस्त्यावर राहतो आणि आवाज भरदार येतो. मी दोन वर्षांपासून हेच करतो.

आणि साहेब पुण्याचा म्हणून काही बोलू नका, मी इथं राहतो म्हणून मला माहीत आहे, त्यांच्याकडे पण नेट जाते. फक्त ते सांगत नाहीत.

घामाघूम_मनीषनगर
@सोल्डरभाऊ, @पुण्यात_अडकलेला, हे कोणी सांगितलंच नव्हतं! म्हणजे दोन महिने मी हेडसेटला शिव्या घालून राहिलो आणि तो बिचारा निर्दोष. कॉलर माइक मागवतो. पण १२ वाजताचं काय?

लिनक्सवाला_बाबू
विंडोज काढ, लिनक्स टाक. त्यातल्या पाइपवायरमध्ये (आवाज सांभाळणारा प्रोग्राम) कोणता कोडेक, म्हणजे आवाज दाबून पाठवायची पद्धत, लागला ते समोर दिसते, हातानं बदलता येते.

तर्री_ज्यादा
आला. मी म्हटलंच होतं पाचव्या सहाव्या कमेंटपर्यंत येईल म्हणून. बाबूभाऊ, तुमचा स्वतःचा हेडसेट चालते का लिनक्सवर?

लिनक्सवाला_बाबू
चालते. दर अपडेटनंतर दोन दिवस सोडून.

प्रतापनगरचा_पोट्टा
भाऊ, ३०० चा डोंगल (यूएसबीत लावायचा छोटा ब्लूटूथ) घे आणि लाव. माझ्या दोस्तानं तेच केलं.

सीताबर्डी_सोल्डर
थांबा थांबा, डोंगल असा आंधळेपणानं लावू नका. एक तर विंडोज एका वेळी एकच ब्लूटूथ रेडिओ वापरते. मदरबोर्डवरचा चालू आणि वरून डोंगल, असं केलं की कधी हा धरते कधी तो, आणि आधी पेअर केलेलं दिसतच नाही. डोंगल लावायचाच तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन मदरबोर्डवरचा आधी डिसेबल करावा लागते. दुसरं, स्वस्तात मिळणाऱ्या डोंगलमध्ये नकली चिप फार. वरून नाव एक, आतमध्ये भलतंच, आवृत्ती ५ लिहिलेलं आणि निघते ४.

आणि तिसरं, लोक डोंगल निळ्या पोर्टमध्ये खुपसतात. यूएसबी ३ चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करते, इंटेलनंच २०१२ ला त्याच्यावर पेपर काढला होता. बाजूला यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लावलेली असली तर विचारूच नका. डोंगल लावायचा तर काळ्या पोर्टला, किंवा एक हातभर एक्स्टेन्शन केबल घेऊन टेबलावर आणून ठेवायचा.

घामाघूमभाऊ, तुम्ही दुपारी एक्स्टर्नल हार्ड डिस्क वगैरे लावता का? बॅकअप?

घामाघूम_मनीषनगर
नाही. पेनड्राइव्हपण नाही. कीबोर्ड माउस वायरचे, कॅमेरा, बस.

अनुभवी_अशिक्षित
पॉवर सेव्हिंग. डिव्हाइस मॅनेजर, ब्लूटूथ अडॅप्टर, प्रॉपर्टीज, पॉवर मॅनेजमेंट, तिथली "वीज वाचवायसाठी हे उपकरण बंद करू दे" वाली टिक काढ. आणि फास्ट स्टार्टअप बंद कर, कारण तो चालू असला की शटडाउन म्हणजे खरा शटडाउन नसते, ड्रायव्हर अर्धवट झोपेतच राहतात आणि सकाळी तसेच उठतात. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्यानं लोड होते. म्हणून रीस्टार्ट केल्यावर चालते आणि बंद-चालू केल्यावर चालत नाही असा जो चमत्कार लोक सांगतात त्याचं कारण हे.

घामाघूम_मनीषनगर
दोन्ही करून पाहिलं. काल १२:२० ला परत टुंग.

महालातली_काकू
मी ऑनलाइन शिकवण्या घेते, ८ वी ते १० वी. मला यातलं तांत्रिक फार कळत नाही पण मलाही असाच त्रास होता, माझा निघाला फोनचा. हेडसेट एकाच वेळी फोनलाही जोडलेला आणि लॅपटॉपलाही. दुपारी ह्यांचा फोन आला, ग्रुपवर गुड आफ्टरनूनचं फूल आलं की हेडसेट धावत फोनकडे, आणि मुलं तिकडे "टीचर आवाज नाही, टीचर आवाज नाही". तुमच्या फोनचं ब्लूटूथ बंद करून पाहिलं का?

घामाघूम_मनीषनगर
काकू, आज करून पाहिलं. फोन पूर्ण बंदच करून ठेवला. तरी १२ ला सुरू झालं. फरक नाही. पण हे फुलाचं मात्र पटलं 😂

बिनतारी_आजोबा
नमस्कार. मी आयुष्यभर बिनतारी संदेश यंत्रणेत काम केले, आता निवृत्त आहे. विषय जिव्हाळ्याचा म्हणून लिहितो. लांब झाले तर माफ करा, दुपारी करायला काही नसते.

ब्लूटूथ म्हणजे रेडिओच. २४०२ ते २४८० मेगाहर्ट्झ एवढा त्याचा पट्टा. जुन्या पद्धतीत त्याचे एकेक मेगाहर्ट्झचे ७९ कप्पे केलेले आहेत आणि हा गडी सेकंदाला १६०० वेळा कप्पा बदलतो. एका कप्प्यात गडबड असली तर पुढच्या उडीत निसटून जावे, ही कल्पना. २००३ च्या १.२ आवृत्तीपासून तर तो शहाणा झाला, कोणते कप्पे गजबजलेले आहेत ते लक्षात ठेवून ते टाळतो. याच पट्ट्यात शेजाऱ्यांचे वायफाय असते, मायक्रोवेव्ह असतो. दुपारी १२ ला शेजारी कोणी मायक्रोवेव्हमध्ये जेवण गरम करते का, ते पाहावे. पण तो दोन-पाच मिनिटे चालतो. सहा तास कोणी भाजी गरम करत नाही.

म्हणून मला वाटते, बाहेरचा गोंगाट हे कारण नसावे. सिग्नलच मुळात मरतुकडा असावा आणि दुपारी काहीतरी त्याच्या आड येत असावे. सकाळी तो कसाबसा पोचतो आणि दुपारी तेवढाही पोचत नाही.

प्रतापनगरचा_पोट्टा
कूलर!!! आजोबा, कूलरच आड येऊन राहिला! १२ ला सगळे कूलर लावतात, ६ ला बंद. केस सॉल्व्ह. पार्टी कधी?

तर्री_ज्यादा
हे बरोबर वाटते बे. कूलरमध्ये पाणी, पाणी २.४ गिगाहर्ट्झ पिते, मायक्रोवेव्ह त्याच्यावरच चालते. म्हणजे कूलर ब्लूटूथ पिऊन राहिला.

बिनतारी_आजोबा
दोन गोष्टी. पाणी २.४५ गिगाहर्ट्झलाच विशेष करून शोषते, हा गैरसमज फार पसरला आहे. पाण्याची ओढ त्याहून बऱ्याच वरच्या लहरींना अधिक आहे. मायक्रोवेव्हला तो आकडा मिळाला त्याचे कारण परवाना लागत नाही असा पट्टा होता, हे मोठे. पण पाणी शोषते हे खरेच. तुम्ही स्वतःसुद्धा पाण्याची पिशवीच आहात. फोन मागच्या उजव्या खिशात ठेवून डाव्या कानात ब्लूटूथ घाला आणि मोकळ्या मैदानात चाला, कळेल. घरात भिंतीवरून आपटून आपटून पोचतो म्हणून जाणवत नाही.

तेव्हा ओल्या ताट्या आणि कूलरचा पत्रा मध्ये आला तर सिग्नल अडेल यात शंका नाही. प्रश्न असा की तुमचा कूलर कॉम्प्युटर आणि तुमचे डोके यांच्या मध्ये ठेवलेला आहे का?

घामाघूम_मनीषनगर
नाही ना आजोबा. कूलर खिडकीच्या बाहेर स्टँडवर, मोठा पत्र्याचा. टेबल आतमध्ये बाजूच्या भिंतीला. मध्ये काहीच येत नाही. पण वेळ जुळते हे खरं, ११:३० ला टाकी भरतो, १२ ला कूलर लावतो.

सीताबर्डी_सोल्डर
मग मोटारचा स्पार्किंग? नाही, तसा असता तर रेडिओवर खरखर आली असती, २.४ ला इतकं काही जात नाही. व्होल्टेज पाहा. कूलर, बाजूवाल्यांचा एसी सगळं एकदम लागलं की आमच्याकडे दुपारी बल्ब पिवळा होते. पण त्यानं ब्लूटूथ एकटा मरेल हे पटत नाही, मशीनच रीस्टार्ट होईल.

अनुभवी_अशिक्षित
उष्णता. चिप तापत असेल. ४५ च्या वर पारा गेला की कॅबिनेटमध्ये काय होत असेल.

सीताबर्डी_सोल्डर
कूलर लागल्यावर तर खोली थंड होते ना भाऊ. मग तर सुधरायला पाहिजे.

अनुभवी_अशिक्षित
हे पण आहे.

तर्री_ज्यादा
अवांतर: याला ब्लूटूथ का म्हणतात? दात निळा कोणाचा? खर्रा खाणाऱ्याचा लाल असते एवढं माहीत आहे.

पुण्यात_अडकलेला_नागपूरकर
दहाव्या शतकात डेन्मार्कचा एक राजा होता, हॅराल्ड, त्याचं टोपणनाव ब्लूटूथ. त्यानं वेगवेगळ्या टोळ्या एका राज्यात आणल्या. इंटेलमधल्या जिम कार्डाकनं १९९७ मध्ये हे नाव सुचवलं, की आपणही कॉम्प्युटर आणि मोबाइलवाल्यांना एकत्र आणतो आहोत. ते तात्पुरतं नाव होतं, नंतर चांगलं ठेवू म्हणाले आणि तेच चिकटलं. ते निळं चिन्ह म्हणजे त्या राजाच्या नावाची दोन अक्षरं जुन्या रून लिपीतली, एकावर एक ठेवलेली. १९९८ मध्ये एरिक्सन, इंटेल, नोकिया, आयबीएम आणि तोशिबा अशा पाच जणांनी मिळून संघटना काढली.

तर्री_ज्यादा
म्हणजे लोकांना जोडणाऱ्या राजाच्या नावाची वस्तू १२ ला तोडून राहिली. राजा दुपारी वामकुक्षी घेत असंल.

महालातली_काकू
घामाघूम, एक विचारू का? तुम्ही कूलर लावता तेव्हा खोलीत काय काय हलवता?

घामाघूम_मनीषनगर
म्हणजे काकू?

महालातली_काकू
म्हणजे आमच्याकडे कूलर लावला की आधी पेपर उचलावे लागतात, मग गादीवरची चादर ओढून घ्यावी लागते, आणि टीव्हीवर मी जुना टॉवेल टाकते कारण आमचा कूलर नव्या ताट्या लावल्या की शिंतोडे उडवतो. मुलाचा कॉम्प्युटर समोर होता तेव्हा त्याच्या डब्यावर रोज प्लॅस्टिक टाकायचे, त्यानं ते गरम होतं म्हणून तो ओरडायचा. ज्याच्या घरी कूलर आहे तो दुपारी काहीतरी हलवतोच. म्हणून विचारलं.

घामाघूम_मनीषनगर
अरे बाप्पा.

काकू, कॅबिनेट हलवतो मी. रोज. यंदा खसच्या ताट्या नव्या लावल्या आणि पंप थोडा जास्तच पाणी फेकते, सरळ टेबलावर थेंब येतात. आई ओरडली की मशीन खराब होईल म्हणून १२ ला कूलर लावायच्या आधी कॅबिनेट टेबलावरून उचलतो आणि खाली लोखंडी कपाट आणि भिंतीच्या कोपऱ्यात सरकवून देतो, पाठ भिंतीला. वायरी लांब आहेत म्हणून चालू असतानाच सरकवता येते. संध्याकाळी कूलर बंद केला की परत वर ठेवतो, कारण खाली पाय ठेवायला जागा राहत नाही. हे इतकं सवयीचं झालं की डोक्यातच आलं नाही.

बिनतारी_आजोबा
ताई, तुम्ही आमच्या खात्यात हव्या होत्या.

प्रतापनगरचा_पोट्टा
काकू 🙏🙏 पार्टी काकूंना.

सीताबर्डी_सोल्डर
थांबा, पण अर्धाच झाला उलगडा. कॅबिनेट कोपऱ्यात गेला तरी अंतर किती, चार-पाच फूट? ब्लूटूथ साध्या घरगुती उपकरणाला १० मीटरपर्यंत धरून चालतात. फोन गच्चीपर्यंत पोचतो म्हणता. पाच फुटात कपाट आड आलं म्हणून इतकं मरायला नको. आजोबा म्हणाले तसं सिग्नल आधीच मरतुकडा आहे.

भाऊ, मदरबोर्डच्या मागं, जिथं यूएसबी आणि लॅनचे पोर्ट असतात तिथं दोन सोनेरी गोल आट्यावाले टोक दिसतात का? आणि त्यांच्यावर काळे दांडे, अँटेना, लावले आहेत का?

घामाघूम_मनीषनगर
टोक आहेत दोन. अँटेना नाहीत. मशीन जोडलं तेव्हा डब्यात आल्या होत्या. पण त्या वायफायच्या ना? मी तर लॅन केबल वापरतो म्हणून लावल्याच नाही. जोडणाऱ्यानंपण म्हटलं लागत नाहीत.

सीताबर्डी_सोल्डर
😂😂😂 इथं खरी गोम आहे. वायफाय आणि ब्लूटूथ एकाच कार्डावर असतात आणि त्याच अँटेना दोघं वापरतात. वायफाय नको म्हणून अँटेना काढून टाकली म्हणजे सुनेचा राग आला म्हणून पोराचंपण ताट उचललं. दीड वर्ष तुमचं ब्लूटूथ त्या दोन उघड्या पितळी टोकांवर जगून राहिलं होतं. मागच्या वर्षात चांगल्या ५०-६० मशीन मी नुसत्या अँटेना फिरवून दुरुस्त करून दिल्या आहेत. पैसे घ्यायला लाज वाटते, चहा पाजा म्हणतो.

बिनतारी_आजोबा
उत्तम. यात थोडे गणित सांगतो. या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर, तिचा चौथा भाग तीन सेंटिमीटरच्या थोडा वर. त्या काळ्या दांड्यात एवढ्याच मापाची तार असते, बाकी शोभेचे प्लॅस्टिक. ती नसेल तर प्रक्षेपकाची शक्ती बाहेर पडायला दारच राहत नाही, टोकातून गळेल तेवढी. सकाळी कॅबिनेट टेबलावर, पाठ भिंतीकडे असली तरी तुमच्या डोक्यापासून हातभरावर, म्हणून गळतीवर भागले. दुपारी तो पोलादी डबा खाली, त्याची पाठ भिंतीला चिकटलेली, बाजूला लोखंडी कपाट, वर टेबल, आणि मध्ये तुमचे दोन पाय. विहिरीत उभे राहून हाक मारल्यासारखे झाले.

अँटेना लावल्यावर दोन्ही एकाच दिशेने ठेवू नका. एक उभी, एक आडवी. आणि डब्याच्या पत्र्याला खेटवू नका.

लिनक्सवाला_बाबू
म्हणजे लिनक्स टाकूनही काही झालं नसतं.

तर्री_ज्यादा
बाबूभाऊंचा हा ऐतिहासिक कबुलीजबाब जपून ठेवा बे कोणीतरी.

घामाघूम_मनीषनगर
मदरबोर्डचा डबा सज्ज्यावर सापडला, कूलरच्या जुन्या पंपाच्या खाली. अँटेना आतमध्ये, प्लॅस्टिकची पिशवीपण फोडलेली नाही. लावल्या. हातानंच आटे फिरवले, पाना लागला नाही. उद्या मीटिंग आहे १२ ते ३, तेव्हा कळेल.

महालातली_काकू
अँटेना लावा पण कॅबिनेट रोज चालू असताना उचलून सरकवू नका हो. आत फिरणारी हार्ड डिस्क असली तर ती जाईल एक दिवस. त्यापेक्षा पंपाच्या नळीला चिमटा लावा, पाणी कमी पडेल. आम्ही साडीची पिन लावतो. नाहीतर नव्या ताट्या दोन दिवस नुसत्या भिजवून ठेवायच्या, मग शिंतोडे कमी होतात.

अनुभवी_अशिक्षित
विषय निघालाच आहे तर, त्या डब्यातल्या आवाजावर पुढं काही येऊन राहिलं का? का जन्मभर कॉलर माइकच लावायचा?

पुण्यात_अडकलेला_नागपूरकर
येऊन राहिलं. एलई ऑडिओ नावाचं नवं आहे, एलसी३ कोडेक, ब्लूटूथ ५.२ पासून पाया आहे त्याचा. त्याच्यात माइक चालू असतानाही आवाज चांगला राहू शकतो. विंडोज ११ मध्ये २२एच२ आवृत्तीपासून सपोर्ट यायला लागला. पण हेडसेट, कॉम्प्युटरचा ब्लूटूथ आणि ड्रायव्हर तिघांनी एकाच वेळी साथ द्यावी लागते. डब्यावर ५.३ लिहिलं म्हणजे एलई ऑडिओ आहेच असं नाही, वेगळं लिहिलेलं असेल तरच समजा. नवीन घेताना दुकानदाराला हे विचाराल तर तो "हो हो सगळं आहे" म्हणेल, स्वतः डबा वाचा.

सीताबर्डी_सोल्डर
दुकानदारांबद्दल जपून बोला 😏 पण खरं आहे.

अजून एक, मीटिंग सुरू झाली की मागचं गाणं एकदम बारीक होते ना, त्याच्यावरूनपण लोक येतात. साउंडच्या जुन्या खिडकीत कम्युनिकेशन्स नावाचा टॅब आहे, तिथं बाकीचे आवाज ८० टक्के कमी करा असं आधीपासून निवडलेलं असते. "काहीच करू नका" वर टिचकी मारा.

तर्री_ज्यादा
मीटिंग चालू असताना गाणं ऐकता तुम्ही?

सीताबर्डी_सोल्डर
गिऱ्हाइकाचं सांगून राहिलो बे.

घामाघूम_मनीषनगर
मंडळी, रिपोर्ट. आज १२ ते ३ मीटिंग झाली. कॅबिनेट मुद्दाम कोपऱ्यातच ठेवला होता, पाठ भिंतीला, फक्त अँटेना वाकवून बाजूनं बाहेर काढल्या. एकदाही तुटलं नाही. मध्ये उठून स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो, तिथंपर्यंत साहेबाचा आवाज कानात. काकूंच्या सल्ल्यानं नळीला पिन लावली, टेबल कोरडं आहे, उद्यापासून कॅबिनेट वरच ठेवतो.

कॉलर माइकपण आला, २५० चा, कॅबिनेटला मागं लावला. आवाज ऐकायला आता खरंच भारी येते, साहेब एवढ्या जवळून बोलतो की थोडी भीती वाटते.

फक्त एक झालं. मीटिंग संपता संपता साहेब म्हणाला, "तुमच्याकडे बराच पाऊस दिसतोय, मागे आवाज येतोय सारखा." मी खिडकीत कूलरकडे पाहिलं. बाहेर ४५.

पुण्यात_अडकलेला_नागपूरकर
मीटिंगच्या सेटिंगमध्ये नॉइज सप्रेशन असते, ते हाय वर टाक.

महालातली_काकू
काही टाकू नका. पाऊस म्हणा. ४ वाजता सुट्टी देईल.